डावी नळी

सोन्याची किंमत सोनार करतो, जुन्या गाडीची फोनवर दोन मिनिटांत कळते आणि फ्लॅटची तर दिल्लीत शेजारीपाजारी न विचारताच सांगून जातात. पण वडिलांच्या मागे राहिलेल्या बंदुकीची किंमत करणारा माणूस शोधायला निघालात, तर चपला झिजतात. केतकीच्या झिजल्या. नोव्हेंबरात तिनं शोध सुरू केला आणि जानेवारी अर्धा संपला तरी हाती काही लागलं नव्हतं.

बंदूक तिच्या वडिलांची, गुणवंतरावांची. ते केंद्र सरकारच्या पाणी खात्यात इंजिनियर. ऐन उमेदीत चंबळच्या काठी धरणाच्या कामावर होते, तेव्हा त्या मुलखात डाकूंची भीती होती, म्हणून परवाना मिळाला आणि निवृत्त होणाऱ्या एका साहेबाकडून त्यांनी ही दुनळी विकत घेतली. विलायती बनावट, अक्रोडाचा दस्ता, लोखंडावर वेलबुट्टी. त्या बंदुकीनं त्यांनी जन्मात चिमणीसुद्धा मारली नाही. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, ती कपाटातून बाहेर यायची, पाटावर बसायची, हळदकुंकू लावून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी परत कपाटात जायची. दिल्लीतल्या मुनिरक्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये तिचा दरारा कमी आणि मान जास्त होता.

गेल्या दसऱ्याला सकाळी गुणवंतराव गेले. तेराव्याच्या आधीच पोलीस ठाण्यातून माणूस येऊन सांगून गेला, की परवानेदार गेला म्हणजे हत्यार घरात ठेवता येणार नाही. मग ती सेठी नावाच्या एका परवानाधारक विक्रेत्याकडे जमा झाली. आता ती कुणा एका वारसाच्या नावावर करायची, तर दुसऱ्या वारसानं ना-हरकत लिहून द्यावी लागते. वारस दोनच. केतकी आणि तिचा धाकटा भाऊ अनुराग.

खरी गोष्ट इथून सुरू होते. अनुराग केतकीपेक्षा आठ वर्षांनी लहान. आई लवकर गेली, त्यामुळे त्याची वेणीफणी सोडून बाकी सगळं तिनंच केलेलं. त्याचा संसार दोन वर्षांपूर्वी मोडला होता आणि दसऱ्याच्या आधी पंधरा दिवस गुरुग्राममधली नोकरीही गेली. तो वडिलांकडे राहायला आला आणि वडील गेल्यावर तिथंच राहिला. राहिला म्हणजे खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसून राहिला. केतकी दर रविवारी जायची, स्वयंपाक करून डबे भरून ठेवायची, आणि पुढच्या रविवारी त्यातले निम्मे तसेच मिळायचे. ती बोलली तर तो उत्तर द्यायचा, हसायचासुद्धा, पण आपणहून खुर्चीतून उठायचा नाही. डॉक्टरकडे नेलं, गोळ्या सुरू झाल्या. फरक पडेल, म्हणाले.

एका रविवारी तिचं पीठ मळून होत आलं होतं, तेव्हा तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "ताई, बाबांची बंदूक माझ्या नावावर करून घेऊ या. ती घरात असली की बरं वाटेल मला."

केतकी त्या रात्री झोपली नाही. आपल्याला कशाची भीती वाटते आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं, फक्त ते नाव घेऊन बोलायची तिची छाती नव्हती. नवऱ्याशी, मानसशीही ती एवढंच बोलली, की ते हत्यार अनुरागच्या हातात जाता कामा नये, काहीही झालं तरी. दुसऱ्या दिवशी तिनं भावाला सांगितलं की मी ना-हरकत देणार नाही, आपण ती विकू. तो भांडला नाही. विकायची तर आधी तिची किंमत काढ, म्हणाला, जाणत्या माणसाकडून, कागदावर. मग मी सही करतो. असा माणूस तिला सापडणार नाही, अशी त्याची खात्री असावी.

आणि खरंच सापडेना. एक विक्रेता म्हणाला जुना माल आहे, भंगारात द्या. दुसरा म्हणाला विलायती आहे, जपून ठेवा. एका निवृत्त कर्नलनं चहा पाजला, तासभर वाघांच्या गोष्टी सांगितल्या आणि किंमतीचं विचारल्यावर बायकोला हाक मारली. खुद्द सेठी तर साफ हात झटकायचा. "मैडम, मैं तो लेने वाला हूँ. लेने वाला क़ीमत थोड़े ही बताता है." पण तिनं सहा आठवडे त्याचा पिच्छा पुरवल्यावर त्याला दया आली, नाहीतर कंटाळा आला, आणि त्यानं एक नाव दिलं. विश्वनाथजी. मानेसरच्या कारखान्यांमागच्या एका गावात राहतात, हत्यारं दुरुस्त करायचा परवाना आहे, साठ वर्षं हेच केलं. बंदूक मी रीतसर नोंद करून त्यांच्याकडे पाठवतो, शनिवारी तुम्ही जा, संध्याकाळी सातला माझा माणूस ती परत आणेल. एवढं सांगून सेठी जरा घुटमळला आणि म्हणाला, म्हातारा नळीतून बघितल्याशिवाय बोलत नाही, आणि कधीकधी बघूनही बोलत नाही.

शनिवारी दिल्लीत जानेवारीतलं ते पांढरं आंधळं धुकं पडलं होतं, दुपार झाली तरी न उठणारं. केतकी तीनच्या सुमाराला मानेसरला पोचली. कंपन्यांच्या बसेस दिवे लावून एकामागे एक सरकत होत्या, मफलर गुंडाळलेली माणसं शेअर ऑटोतून उतरून धुक्यात शिरत होती आणि चार पावलांवर नाहीशी होत होती. हमरस्ता सोडून ती गावाच्या गल्लीत वळली आणि आवाज एकदम थांबले. घराघरांवर कामगारांसाठी बांधलेल्या भाड्याच्या खोल्या, सगळ्यांना कुलपं, कारखान्यातली पाळी चालू असावी. एक कुत्रं राखेच्या ढिगावर अंग मुडपून झोपलं होतं. त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि परत डोळे मिटले.

विश्वनाथजी दारातच उभे होते. पंचाहत्तरीचे, अंगात दोन स्वेटर, नाकावर मोतीबिंदूनंतरचा जाड चष्मा. घरात दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी तिला मागच्या खोलीत नेलं. खोलीला एकच खिडकी, तिच्याबाहेर मोहरीचं शेत असावं, पण दिसत होतं ते फक्त पांढरं. तेलाचा, रॉकेलचा आणि लाकडाच्या भुशाचा वास होता. लांबट टेबलावर हिरवं कापड अंथरलेलं आणि त्यावर बाबांची बंदूक. खंडेनवमीशिवाय इतर दिवशी ती अशी उघड्यावर पडलेली केतकीनं कधी पाहिली नव्हती, आणि का कोण जाणे, तिला ते बरं वाटलं नाही.

म्हाताऱ्यानं घाई केली नाही. दस्त्यावरून तळवा फिरवला, वेलबुट्टीत नख घातलं, ते नाकाशी नेलं.

"इसकी पूजा होती थी," तो म्हणाला.

दरवर्षी व्हायची, असं केतकीनं सांगितलं. त्यानं मान हलवली. मग बंदूक मोडून त्यानं दोन्ही नळ्या दस्त्यापासून सुट्या केल्या आणि काम कसं करतात ते तिला समजावलं. नळी उजेडाकडे धरायची आणि मागून बघायचं. आत उजेडाची कडी दिसतात, एकात एक. कडी गोल असली तर नळी निरोगी, वाकडी असली तर कुठंतरी पोचा आहे. बाकी सगळं माणूस झाकू शकतो, नवा दस्ता बसवील, पॉलिश करील, पण नळीच्या आतलं झाकता येत नाही.

त्यानं उजवी नळी डोळ्याला लावली, खिडकीकडे रोखून पाहिलं आणि समाधानानं हुंकार दिला. मग डावी लावली. या वेळी तो बराच वेळ बघत राहिला. नळी खाली घेतली, नुसत्या डोळ्यांनी खिडकीकडे पाहिलं. परत नळी लावली. मग लांब दांडीचा ब्रश घेऊन त्यानं डाव्या नळीतून एकदा आरपार फिरवला. हिरव्या कापडावर तांदळाचे तीन दाणे पडले. पिवळे, हळद लावलेले.

काल आल्या आल्या ही साफ केली होती, असं तो स्वतःशीच पुटपुटला. पुन्हा एकदा नळीतून पाहिलं. मग तिच्याकडे न बघता विचारलं, "मैडम... आपके घर में खिड़की के पास बेंत की कुर्सी है?"

केतकीला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. तिनं उत्तर देण्याऐवजी हात पुढे केला. म्हाताऱ्यानं क्षणभर विचार केला आणि नळ्या तिच्या हातात दिल्या. लोखंड बर्फासारखं गार होतं.

तिनं आधी उजवीतून पाहिलं. पांढरं धुकं, आणि त्याच्या अलीकडे लखलखती कडी. मग डोळा डावीला लावला.

तिथंही खिडकी होती. पण ही नव्हे. हिरव्या रंगाच्या गजांची, एका गजाला तिच्याच हातानं बांधलेला बाबांचा पंचा, दसऱ्यापासून कुणी न काढलेला. खिडकीसमोर वेताची खुर्ची, आणि खुर्चीत पाठमोरा कुणीतरी. खांद्यावर राखाडी शाल. चित्र नाण्याएवढं लहान होतं पण इतकं स्वच्छ, की शालीचा उसवलेला काठ दिसत होता. तो काठ तिनंच मागच्या रविवारी शिवायला घेतला होता आणि अर्धा राहिला होता.

"अनुराग," ती हळूच म्हणाली.

नळीतल्या माणसानं हात उचलला आणि मानेवरून फिरवला, माशी बसल्यावर फिरवतात तसा.

तिनं नळ्या टेबलावर ठेवल्या. ठेवल्या म्हणण्यापेक्षा त्या हातातून निसटल्या. फोन काढून अनुरागला लावला. त्यानं दुसऱ्याच घंटीला उचलला. आवाज नेहमीसारखा, संथ.

"बोल ताई."

कुठे आहेस, तिनं विचारलं. खुर्चीतच की, तो म्हणाला. काय करतोयस? काही नाही. मग तोच पुढं बोलला.

"ताई, एक विचारू? हसू नकोस... मला सारखं वाटतं की कुणीतरी मागून माझ्याकडे बघतंय. दसऱ्यापासून. वळून बघावंसं वाटतं, पण मान वळत नाही. उठावंसं वाटतं, उठता येत नाही. आत्ता तर... आत्ता फारच जवळून बघत होतं."

मी संध्याकाळी येते, एवढंच ती कशीबशी बोलली आणि तिथल्या स्टुलावर बसली. बाहेर लांबवर कारखान्याचा भोंगा झाला आणि थांबला. आणि मग गेली खंडेनवमी तिच्या डोळ्यांसमोर उभी राहिली.

गुणवंतराव पूजेच्या बाबतीत कडक होते. बंदूक पाटावर ठेवताना तिचं तोंड खिडकीकडे, आणि पूजा होऊन दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत त्या तोंडासमोर कुणी फिरकायचं नाही. लहानपणी दोघांनी त्यापायी पाठीत धपाटे खाल्ले होते. शस्त्रात देवीला बसवतो आपण, ते म्हणायचे, समोर कुणी बसलं तर तोही त्यात बसतो. पण या खेपेला अनुराग त्या वेताच्या खुर्चीत बसला होता, नळीच्या बरोबर समोर, पाठ करून. नोकरी जाऊन पंधरा दिवस झालेले. बाबांनी पळी हातात धरून त्याच्याकडे पाहिलं. ऊठ म्हणायला त्यांचं तोंड उघडलं आणि मिटलं. पोराला आणखी काय बोलायचं, असं त्यांना वाटलं असणार. केतकीलाही तेच वाटलं. बाबांनी अक्षता वाहिल्या, घंटा वाजवली, पूजा झाली.

केतकी पूजेसाठी मुक्कामालाच होती, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांच्या छातीत दुखू लागलं. जिन्यातून खाली नेताना त्यांनी केतकीचं मनगट धरलं होतं. "उत्तरपूजा कर," ते म्हणाले. "बसवलेलं तसंच ठेवू नये." ती हो म्हणाली. मग हॉस्पिटल, मग स्मशान, मग सुतक. बंदूक न्यायला माणूस आला तेव्हा तिनं ती पाटावरून उचलली आणि पेटीत घातली. अक्षता टाकून चार बोटं हलवायची, एवढंच करायचं होतं. ती विसरली होती. त्याची आठवण तिला आज, मानेसरच्या या खोलीत, साडेतीन महिन्यांनी होत होती.

तिनं तुटक हिंदीत सगळं सांगितलं. विश्वनाथजींनी शेवटपर्यंत ऐकलं, चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "जिसको जहाँ बिठाया है, उसको वहीं से उठाते हैं. बंदूक घर ले जाइए. सेठीजी से मैं बात कर लूँगा, एक घंटे की तो बात है. वही कमरा, वही पाटा... यहाँ कुछ मत कीजिए, यहाँ से कौन उठेगा, कौन रह जाएगा, क्या पता."

म्हातारा बरोबर बोलतो आहे, हे तिला कळत होतं. पण ते घर, ती खुर्ची, तो भाऊ आणि त्याच्यासमोर ही बंदूक. एक तास म्हणे. त्याला एक मिनिट पुरलं असतं. तीन महिने ती जिवाचं रान करून हे एकच टाळत आली होती, आणि आता आपल्याच हातांनी ते घरात नेऊन ठेवायचं?

"नहीं," ती म्हणाली. "वो उस घर में नहीं जाएगी."

तिनं मागितले म्हणून म्हाताऱ्यानं स्वयंपाकघरातून मूठभर तांदूळ आणि हळदीचा डबा आणून दिला, बंदूक जोडून हिरव्या कापडावर ठेवली आणि स्वतः दाराशी जाऊन उभा राहिला, उंबऱ्याच्या पलीकडे. केतकीनं पायातले बूट काढले. डोक्यावरून ओढणी घेतली. मंत्र तिला अर्धामुर्धाच येत होता, तेवढा म्हटला. अक्षता वाहिल्या. मग दोन्ही हातांनी बंदूक धरून ती चार बोटं सरकवली.

खोलीत काहीच झालं नाही. फक्त बंदूक तिला मघापेक्षा जड लागली.

म्हाताऱ्यानं येऊन नळ्या पुन्हा सुट्या केल्या आणि तिच्यापुढे धरल्या. तिनं डावीतून पाहिलं. हिरवे गज, पंचा, खुर्ची. खुर्ची रिकामी होती. शाल घसरून जमिनीवर पडली होती.

केतकीला रडू फुटलं. तो उठला होता. दसऱ्यापासून पहिल्यांदा तो आपणहून उठला होता, तिनं उठवलं होतं. तिनं म्हाताऱ्याचे हात धरले, त्याचे पाय धरायचेच बाकी ठेवले. त्यानं हात सोडवून घेतले आणि स्वतः नळीतून पाहिलं, उजव्या बाजूला जरा झुकून, मग डाव्या बाजूला, कोपऱ्यात कुणी दिसतं का ते शोधल्यासारखं.

"उठकर गया किधर?" त्यानं विचारलं.

चहा करायला गेला असेल, ती डोळे पुसत म्हणाली. म्हातारा हसला नाही. किंमतीचा कागद त्यानं लिहून दिला, सहीशिक्क्यानिशी. डाव्या नळीबद्दल मात्र त्यानं त्यात एक अक्षर लिहिलं नाही, आणि तिनंही विचारलं नाही. ती निघाली तेव्हा तो अजून नळ्या घेऊन खिडकीशी बसला होता.

वाटेत तिनं अनुरागला चार वेळा फोन लावला. घंटी वाजत राहिली. मग तिचा आनंद हळूहळू आटायला लागला. हमरस्त्यावर धुकं आणखी दाटलं होतं, पुढच्या गाडीचे लाल दिवे धरून चालवावं लागत होतं, आणि अंधारही पडला. उठकर गया किधर. उठला तो बाल्कनीत तर गेला नसेल? तिनं देवाला हात जोडायला स्टिअरिंगही सोडलं एकदा. मुनिरक्याला पोचली तेव्हा साडेसहा वाजून गेले होते. ती तीन मजले धावत चढली आणि दारावर दोन्ही हातांनी थापा मारल्या.

दार अनुरागनंच उघडलं. अंघोळ केलेला, दाढी केलेली, इस्त्रीचा निळा शर्ट घातलेला. मागं घरातले सगळे दिवे लागले होते.

"ये ना," तो हसून म्हणाला.

तिनं त्याला घट्ट मिठी मारली आणि हमसून हमसून रडली. त्यानं तिला रडू दिलं. मग ती बसली, पाणी प्याली, किंमतीचा कागद दाखवला. त्यानं तो वाचलाही नाही. विकायच्या संमतीपत्रावर झरझर सही केली आणि पेन टोपण लावून परत दिलं. कुठं भांडण नाही, हट्ट नाही. केतकीनं तो कागद पर्समध्ये घातला, तेव्हा तिच्या छातीवरचं तीन महिन्यांचं ओझं उतरलं. आता कुणी काही करू शकत नव्हतं. भाऊ वाचला होता.

"चहा टाकतो," तो म्हणाला आणि आत गेला. आतून त्यानं साखर कुठे असते ते विचारलं. तिनं सांगितलं. भांड्यांचे आवाज, गॅस पेटल्याचा आवाज. किती दिवसांनी या घरात कुणीतरी चहा करत होतं. तिनं डोळे मिटून ते आवाज ऐकले. खाली पडलेली शाल उचलून घडी केली.

"किती फोन केले तुला," ती म्हणाली. "उचलायचास तरी."

फोन दिसत नाहीये दुपारपासून, तो आतून म्हणाला. जरा रिंग दे ना, कुठंतरी वाजेल.

केतकीनं त्याचा नंबर लावला आणि कान देऊन ऐकलं. बैठकीत काही वाजलं नाही. झोपायच्या खोलीत नाही. ती उठून उशा उचलून बघू लागली. तिच्या कानाशी घंटी जात होती, एक, दोन, पाच, सहा. आणि कुणीतरी फोन उचलला.

आधी नुसता श्वास ऐकू आला. घुमणारा, अरुंद जागेतला.

"ताई..." अनुरागचा आवाज होता. फार लांबून येत होता. "ताई, मी कुठे आहे गं? सगळीकडून लोखंड लागतंय... गार आहे. तेलाचा वास येतोय."

तिनं फोन कानावर घट्ट दाबला.

"लांब तिकडे गोल उजेड आहे. एक म्हातारा बघतोय आत, जाड चष्म्याचा. मी हाका मारतोय त्याला... ताई, त्याला सांग ना. कुणीतरी आलंय त्याच्याकडे, पेटी घेऊन. ताई, ते उजेड बंद..."

आवाज तुटला. फोनमध्ये काहीच राहिलं नाही, खरखरसुद्धा नाही.

भिंतीवरच्या घड्याळात सात वाजून एक मिनिट झालं होतं. केतकी शाल छातीशी धरून उभी राहिली. दार उघडल्यापासून त्यानं आपल्याला एकदाही ताई म्हटलेलं नाही, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं. स्वयंपाकघराच्या दारातून तो पाठमोरा दिसत होता, निळा शर्ट, ओट्याशी उभा. चहा ढवळणारा चमचा थांबला.

"सापडला का?" त्यानं विचारलं.